पेटंट : बुद्धीचे मोल की मक्तेदारीची सनद?

औषधांच्या किमती वाढल्या की आपण मोर्चे काढतो. त्या किमतींच्या मुळाशी असलेल्या पेटंट कायद्याकडे मात्र आपल्या चळवळीचे लक्ष क्वचितच जाते. हा वकिलांचा आणि शास्त्रज्ञांचा विषय आहे, असा एक समज कार्यकर्त्यांत रूढ झाला आहे. तो मोडला पाहिजे. शोध कुणाच्या श्रमातून जन्मास आला, त्याची मालकी कुणाकडे गेली आणि त्याचा लाभ कुणाच्या पदरी पडला, हे प्रश्न जमिनीच्या आणि गिरणीच्या प्रश्नांइतकेच समाजवादाचे प्रश्न आहेत.

पेटंट हा मुळात समाजाने संशोधकाशी केलेला करार आहे. संशोधकाने आपली युक्ती उघड लिहून द्यावी आणि त्या बदल्यात काही वर्षे इतरांना ती वापरण्यापासून रोखण्याचा अधिकार त्यास मिळावा, असे त्याचे स्वरूप. श्रमाचे मोल मागणाऱ्यांनी बुद्धीच्या श्रमाचे मोल नाकारणे विसंगत ठरेल. तेव्हा तत्त्वतः या कराराला आपला विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा करार व्यवहारात कसा राबतो याचा.

राईट बंधूंचेच उदाहरण घ्या. २२ मे १९०६ रोजी त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले ते इंजिनासाठी नव्हे, तर पंखांची टोके पिळून आणि सुकाणू त्याच्या जोडीने वळवून हवेच्या प्रवाहात यंत्राचा तोल राखण्याच्या पद्धतीसाठी. त्यांची प्रतिभा व चिकाटी निर्विवाद होती. परंतु कामास आरंभ करताना, १८९९ मध्ये, विल्बर राईट यांनी स्मिथसोनियन या संस्थेकडे पत्र लिहून उड्डाणविषयक साहित्य मागविले होते. १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून मृत्यू पावलेल्या लिलिएन्थाल या जर्मन अभियंत्याची मोजमापेही त्यांच्यापुढे होती. ती त्यांना सदोष वाटली, म्हणूनच त्यांनी स्वतःचा वातबोगदा उभारला. पण तपासायला काही हाती होते, हेही खरेच. पुढे याच पेटंटच्या आधारे कर्टिस आदी प्रतिस्पर्ध्यांवर वर्षानुवर्षे खटले चालले. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा सरकारच्या दडपणाने विमान कंपन्यांना आपली पेटंटे एका सामायिक संघात आणावी लागली. रणभूमीवर विमाने हवी असली की मक्तेदारी वाकविता येते, हे भांडवलशाहीच्या माहेरघरानेच दाखवून दिले.

दुसरे उदाहरण धाग्याचे. वॅलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञास ड्यू पाँट कंपनीने १९२८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून आपल्याकडे आणले. १९३५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. ९ एप्रिल १९३७ रोजी त्याच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला आणि दीर्घकाळ खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या कॅरोथर्स यांनी २९ एप्रिल रोजी आपली जीवनयात्रा संपविली. १९३८ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटवर संशोधक म्हणून नाव त्यांचे राहिले, मालकी कंपनीची. त्यांच्या मृत्यूचा दोष कंपनीवर टाकण्याचे कारण नाही. पण संशोधकाला उत्तेजन मिळावे म्हणून पेटंट हवे, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा पगारदार संशोधकाच्या बाबतीत ती मालकी आधीच मालकाच्या नावे लिहून दिलेली असते, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरे उदाहरण जीवाणूंचे. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना खनिज तेलाचे विघटन करणारा जीवाणू घडविला. १९७२ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला की, मानवनिर्मित सजीवावरही पेटंट मिळू शकते. त्या एका मताने सजीव सृष्टीचे दार मालकीहक्काला उघडले. आपल्या देशातही कायद्याने वनस्पती व प्राणी वगळले, सूक्ष्मजीव मात्र वगळले नाहीत.

भारताने एकेकाळी वेगळी वाट धरली होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा झाला. त्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले आणि केवळ प्रक्रियेवर, तेही अल्प मुदतीचे, मान्य केले. स्वस्त औषधे बनविणारा देश म्हणून आपली जी ख्याती झाली, तिच्या पाठीशी हा कायदा होता. आणि १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारखे सार्वजनिक कारखाने होते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानंतर, २००५ पासून, आपण पदार्थावरील वीस वर्षांचे पेटंट स्वीकारले. पिंपरीचा तो कारखाना विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतला.

तरीही सर्व शस्त्रे हातची गेलेली नाहीत. मार्च २०१२ मध्ये मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी कर्करोगावरील एका औषधासाठी देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे ते औषध सुमारे ८,८०० रुपयांत देण्याची अट त्यात होती. कायद्याच्या कलम ३ (ड) नुसार जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळविता येत नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे ग्लिव्हेकचा दावा फेटाळला. मार्च २०२३ मध्ये क्षयावरील बेडाक्विलिनची मक्तेदारी लांबविण्याचा प्रयत्न फसला, तो क्षयाशी झुंजलेल्या दोन स्त्रियांनी पेटंट मंजूर होण्यापूर्वीच हरकत घेतली म्हणून.

या हरकतीच्या हक्कावरच आता घाला येत आहे. २०२४ च्या नियमांनी अशा हरकतीवर शुल्क बसविले आणि ती दाखल करून घ्यावी की नाही, हे आधी ठरविण्याची मुभा नियंत्रकास दिली. पेटंटचा देशात प्रत्यक्ष वापर होतो की नाही, याचे दरवर्षीचे विवरण तीन वर्षांतून एकदा देण्यावर आणले. सक्तीचा परवाना मागणाऱ्याला लागणारा पुरावाच त्यामुळे दुर्मीळ होतो.

आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. हरकतीचा हक्क निःशुल्क आणि निर्बाध असावा. वापराचे विवरण दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाच्या पेटंटमध्ये जनतेचा वाटा राहावा, आणि प्राणरक्षक औषधांसाठी सक्तीचा परवाना हा अपवाद न राहता नियम व्हावा. आरोग्य समित्यांनी व कामगार संघटनांनी हा विषय आपल्या शिबिरांत घ्यावा. विमानांसाठी १९१७ मध्ये जे करता आले, ते क्षयरोग्यासाठी करता येत नाही, असे सांगणाऱ्या सरकारला त्याचे कारण विचारणे हे आपले काम आहे.