परका कोण?

भाईंदरच्या चौक गावातला धारावी किल्ला 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून घेतला. पोर्तुगीज गेले. त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेले कोळी मात्र इथलेच होते, इथेच राहिले, आजही मराठी बोलतात. त्यांना कोण पोर्तुगीज म्हणेल?

जर्मनीत नोकरी करताना हे आठवतं. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत, परक्यांना परत पाठवा म्हणणाऱ्या एएफडी पक्षाला 20.8 टक्के मतं मिळाली. आम्ही कर भरतो, पण मतदान करू शकत नाही. शेजारच्या नेदरलँड्समध्ये पाच वर्षांनी निदान नगरपालिकेसाठी तरी मत देता येतं. काही भारतीय सहकारी खासगीत म्हणतात, हा राग आपल्यावर नाही, मुसलमानांवर आहे. रस्त्यात अडवणारा आधी नाव विचारतो की काय!

पण आपलंही बघू या. 2025 च्या पावसाळ्यात मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारहाण झाली. आपण मराठी बोलणारे मुसलमान, म्हणून आपल्यातले काही जण मनातून सुखावले. मी जर्मन शिकलो ती वर्गात बसून, थप्पड खाऊन नव्हे. नयानगरमध्ये यूपी-बिहारच्या शेजाऱ्यांसाठी संध्याकाळचा मराठी वर्ग काढायला एक खोली आणि दोन शिक्षक पुरतात.