कान्होजी चाचे कसे?

इंग्रजांनी सरखेल कान्होजी आंग्रे यांना चाचे म्हटले. मला हे मुळीच पटत नाही. पोर्तुगीज सातासमुद्रापलीकडून आले नि आपल्या समुद्रात परवाना मागू लागले. त्याला कार्ताझ म्हणत. नसला की गलबत जप्त! कान्होजींनी तसाच परवाना, म्हणजे दस्तक, मागितला तर लगेच चाचे? वा रे न्याय! कान्होजींची माणसं गलबतं धरून माल घेत, हे खरं. मग शब्द दोघांनाही सारखाच लावा की. आणि १६९५ साली औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ जहाज लुटून यात्रेकरूंचे हाल करणारा हेन्री एव्हरी कोण होता? इंग्रजच! १७२१ साली इंग्रज नि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. किल्ला काही पडला नाही.