सॅडल घासणे आता थांबवा

उन्हाळा सरला की या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. जुन्या गिटारच्या तारा बाराव्या फ्रेटपाशी इतक्या उचलल्या आहेत की बोटे टेकत नाहीत, आणि दुरुस्तीला दिलेले वाद्य होते त्याहून वाईट होऊन परत आले आहे. यंदा बिलोलीहून आलेले पत्र तर कोणाही कारागिराला अस्वस्थ करेल. सत्तरच्या दशकातली, ऑर्केस्ट्रात वाजलेली स्टील तारांची गिटार. एकापाठोपाठ एक तीन कारागिरांनी तिचे सॅडल घासले. घासायला सॅडल उरले नाही तेव्हा शेवटच्याने ब्रिजवरच रंधा चालवला. ॲक्शन काही महिने बरी राहिली. आवाज मात्र बसला तो बसलाच.

दोष नेकच्या कोनात आणि कानस चालते सॅडलवर, हा प्रकार मराठवाड्यात नित्याचा झाला आहे. लाइट संचाचा ताणही सत्तर किलोंच्या आसपास असतो. तो वर्षानुवर्षे सोसून बॉडी हीलपाशी दबते, नेक पुढे झुकते. सॅडल उतरवले की तारांचा त्यावरचा उतार कमी होतो, वरची फळी हलवणारा जोर कमी होतो आणि गिटार पातळ बोलू लागते. ट्रस रॉड पिळूनही उपयोग नाही. त्याने नेकचा बाक निघतो, कोन बदलत नाही. आधी बाक काढावा, मग लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत न्यावी. पट्टी ब्रिजच्या माथ्याला जेमतेम लागली तर नेक ठीक आहे. ती खाली, ब्रिजच्या कडेवर आदळली, तर नेक काढून पुन्हा बसवणे हाच इलाज. या तपासाला पाच मिनिटे लागतात. तेवढीही न देता कानस उचलणाऱ्याला कारागीर का म्हणावे?

नेक काढायची म्हणजे हीलचे खूप लाकूड जाणार, ही भीती अनेक जण बोलून दाखवतात. तिला हिशेबाचे उत्तर आहे. ६४५ मिलिमीटर स्केलच्या, चौदाव्या फ्रेटला बॉडी लागणाऱ्या गिटारमध्ये सांध्यापासून सॅडल सुमारे २८७ मिलिमीटरवर येते. हीलची उंची ९० धरली आणि सॅडलपाशी ३ मिलिमीटर जास्त उंची हवी असली, तर हीलच्या टोकाशी १ मिलिमीटरही लाकूड काढावे लागत नाही. फिंगरबोर्डकडे जाताना तेही शून्यावर येते.

मात्र सांधा ओळखल्याशिवाय हात घालू नये. डोव्हटेल असेल तर पंधरावी फ्रेट काढून तिच्या खाचेतून वाफ देता येते. बोल्टची नेक असेल तर काम पान्याचे. स्पॅनिश पद्धतीत हील आणि आतला ब्लॉक एकच असतो. तिथे वाफ देणे म्हणजे वाद्य भिजवणे.

सर्वांत संतापजनक आहे ते इपॉक्सी. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून ५० वर्षांनीही सांधा उघडता येतो. इपॉक्सी ओतलेला सांधा वाफेला दाद देत नाही; पुढच्या कारागिराला करवतच लावावी लागते. आज ज्याला 'पक्के काम' म्हणून ग्राहकाच्या हाती दिले जाते, ते उद्याच्या दुरुस्तीची वाट बंद करणारे काम असते. मिरजेच्या सतारमेकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. तंबोऱ्याची दांडी गुलूपाशी उचलली गेली की तिथली जाणती माणसे घोडी घासत बसत नाहीत, सांधा उघडतात.

आता सरकारी बाजू. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद सर्वांना आहे. पण मानांकन नव्या वाद्याला मिळते, जुने वाचवणाऱ्या हाताला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत न्हावी आहेत, शिंपी आहेत, कुलूप बनवणारे आहेत, मासेमारीचे जाळे विणणारे आहेत. वाद्य बनवणारा किंवा दुरुस्त करणारा नाही. बिलोली-देगलूरच्या वाद्यकारागिराला अवजारांसाठीचे १५,००० रुपये हवे असतील तर त्याने स्वतःला सुतार म्हणवायचे आणि सुताराचेच प्रशिक्षण घ्यायचे. तिथे त्याला फ्रेटची कानस किंवा सरस तापवायचे भांडे कोण दाखवणार? लाकडावर नक्षी कोरणाऱ्या आणि लाकडातून स्वर काढणाऱ्या हातांची गरज वेगळी असते, हे यादी करणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे होते. वाद्यकारागीर हा एकोणिसावा व्यवसाय म्हणून तातडीने जोडावा.

यादी बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. लातूरहून मिरजेला रेल्वे जाते. तरुण कारागिरांनी तिथे जाऊन उघडलेला सांधा डोळ्यांनी पाहावा. ज्यांना नेक काढता येत नाही त्यांनी काम नाकारावे, ग्राहकाला येणाऱ्याकडे पाठवावे. ज्यांना येते त्यांनी बॉडीच्या आत चिठ्ठी चिकटवावी: कोणता चिकटवणारा पदार्थ वापरला, किती लाकूड काढले, तारीख काय. आणि नांदेड, लातूर जिल्ह्यांत सरसाने नेक बसवणाऱ्या प्रत्येकाने आपले गाव आणि कामाचा प्रकार या मासिकाला कळवावा. पुढच्या अंकापासून ती यादी गावांनुसार छापली जाईल.