कर्ज तिच्या नावावर, कार्ड कुणाच्या?

बचत गटांचं प्रदर्शन असलं की मला एक खोड आहे. टेबलापाशी थांबायचं, माल बघायचा आणि विचारायचं, ‘‘तुमचं कार्ड आहे का?’’ परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड असं फिरताना जमलेली व्हिजिटिंग कार्डं परवा सतरंजीवर मांडून बसले. पापड-कुरडया, शेवया, मसाले, गोधड्या, शिवणकाम, ब्यूटी पार्लर. राबणारे हात सगळे बायकांचे. पण ‘प्रो. प्रा.’च्या पुढे बऱ्याच कार्डांवर पुरुषांची नावं.

पाथरी तालुक्यातल्या एका पापडवाल्या बाईंना मी विचारलंच. त्या म्हणाल्या, ‘‘छापखान्यात त्यानं इचारलं, मालकाचं नाव सांगा. म्या सांगितलं मालकाचं.’’ आपल्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. छापणाऱ्याने धंद्याचा मालक विचारला, बाईंनी घरचा सांगितला. दोघीही खूप हसलो.

पुढची हकीकत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कार्डावर फोनही नवऱ्याचाच. लग्नाच्या पापडांसाठी परभणीहून फोन आला, तो त्याने उचलला. उडदाची डाळ काय भावाने आणली, लाटायला येणाऱ्या बायांना किलोमागे काय द्यायचं, यातलं त्याला काही ठाऊक नाही. दिला भाव ठोकून. बाईंनी नवऱ्याचा शब्द पाळला, माल वेळेवर पोचवला आणि हिशेबाला बसल्या तेव्हा लाटणाऱ्यांची मजुरी पदरची गेली होती. बरं, नवरा काही वाईट माणूस नव्हे. त्याने मदत म्हणूनच फोन घेतला.

आता याच बाईंची गटाची वही बघा. कर्जाला सही त्यांची, बँकेत फोटो त्यांचा, हप्ता थकला तर बैठकीत मान खाली घालायची ती त्यांनी. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालचं, आंतरराष्ट्रीय महिला वर्षातलं. त्यानंतर २०११ मध्ये उमेद अभियान आलं. बाईच्या नावावर कर्ज देण्याची घडी राज्यात चांगली बसली आहे. म्हणजे देणं तिच्या नावावर आणि धंदा त्याच्या नावावर. हे मला पटत नाही आणि आपल्या संघटनांनी यात लक्ष घालावं असं माझं म्हणणं आहे.

यावर आपल्यातल्या काही जुन्या मैत्रिणी म्हणतील, मारहाणीच्या केसेस आहेत, रोजगार हमीचे पैसे थकतात, आणि ही कार्डांचं काय घेऊन बसली! कधीकाळी मीही असंच म्हटलं असतं. बाईला दुकानदार करणं हे चळवळीचं काम आहे का, हा वाद आपण पुष्कळ घातला. पण तो चालू असतानाच बायका धंद्यात उतरल्या, कारण सोयाबीन-कापसावर घर भागेना. सात-बाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडलोच ना? शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून द्यावी म्हणून. कार्डाला कायद्यापुढे सात-बाऱ्यासारखी किंमत नाही, हे मान्य. पण गिऱ्हाइकाला धंदा कुणाचा ते कार्डच सांगतं. आणि त्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत, दोन दिवसांत छापून मिळतं.

खरी अडचण नावाची नाही, नंबराची आहे. बाईचा नंबर चारचौघांत गेला की रात्री-अपरात्री फोन सुरू होतात. पार्लर चालवणाऱ्या मुलींना हे सांगायला नको. ‘नंबर माझा टाक’ असं नवरा म्हणतो तेव्हा त्यात संशय असतो, तशी काळजीही असते. म्हणून ‘घाबरू नका, छापा’ असा फुकटचा सल्ला मी देणार नाही. गटासाठी वेगळं सिम घ्यावं, साधा बटणांचा फोन पुरतो. तो पाळीपाळीने एकेकीकडे ठेवावा आणि संध्याकाळी बंद करावा. कार्डावरच ‘फोनची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६’ असं छापावं. नको म्हटल्यावरही कुणी पुनःपुन्हा फोन करून पिच्छा पुरवत असेल तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ७८ आहे. १८१ ही महिला हेल्पलाइनही आहे. तक्रारीला सोबत जाणं हे तर आपलं जुनंच काम.

आता कार्ड पलटा. मागे हल्ली पैसे भरायचा चौकोनी क्यूआर कोड असतो. तो कुणाच्या खात्याचा? बरेचदा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या, कारण मोबाइल त्यांच्याकडे. पूर्वी बाजारातून आलेली नोट निदान काही वेळ तरी बाईच्या कनवटीला असायची. आता गिऱ्हाइकाचे पैसे तिच्या हाताला न लागताच परस्पर दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. मला कार्डाच्या पुढच्या बाजूपेक्षा ही मागची बाजू जास्त टोचते.

नाव टाकायचं ठरलं की ‘सौ.’चा प्रश्न येतो. गटात एखादी तरी एकटी, टाकलेली किंवा नवरा गेलेली असतेच, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिलेल्या मराठवाड्यात तर असतेच असते. तिघींच्या नावामागे सौ. आणि चौथीच्या मागे काही नाही, की गिऱ्हाइकाला सगळं कळलं. २०२३ साली विधवांसाठी ‘गं. भा.’ वापरण्याची कल्पना सरकारदरबारी निघाली तेव्हा राज्यभरातून विरोध झाला. मग आपल्याच कार्डावर ती विभागणी कशाला? नुसतं नाव छापा. गंगाखेडची जनाबाई नामदेवाच्या घरची दासी. तिने नाममुद्रेत धन्याचं नाव घेतलं, पण ‘जनी’ गाळली नाही.

मोबाइलच्या जमान्यात कार्ड लागतंच कशाला, असंही एकीने विचारलं. लागतं. पापड घेणारी बाई बाजारात उभ्या उभ्या नंबर साठवत बसत नाही. कार्ड पिशवीत टाकते, घरी डब्यामागे खोचते आणि पुढच्या चैत्रात काढते. म्हणून पाकिटागणिक एक कार्ड घाला. फेब्रुवारीत परभणीच्या दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा टेबलावर गठ्ठा ठेवून उपयोग नाही, हातात द्या. सोनेरी वेलबुट्टी आणि देवाचं चित्र यांत जागा घालवण्यापेक्षा काय मिळतं, कोणत्या महिन्यांत मिळतं, ऑर्डर किती दिवस आधी द्यायची ते मोठ्या अक्षरात लिहा. खाण्याचा माल असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक टाका. ती नोंदणी कुणाच्या नावावर झाली आहे, तेही त्यानिमित्ताने बघून घ्या.

पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपलं कार्ड आणि कर्जाची वही, दोन्ही आणावीत. शेजारी शेजारी ठेवून नावं वाचू. ज्यांचं कार्डच नाही त्यांचा मजकूर तिथेच बसून लिहू, म्हणजे छापखान्यात ‘मालकाचं नाव काय’ विचारलं तर कागदच पुढे करता येईल.