उतारा नसलेली विद्या खेळात नको

भूमिका घेऊन खेळायच्या कल्पनारम्य खेळात परस्परविरोधी जादूविद्या आखायच्या म्हटल्या की आग विरुद्ध पाणी, उजेड विरुद्ध अंधार अशा जोड्या लावल्या जातात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत जादूच्या आठ शाखा होत्या आणि एका शाखेत पारंगत होणाऱ्या जादूगाराला तिच्या विरोधी शाखा बंद असत. २०१४ च्या आवृत्तीने ही बंदी उठवली, ते योग्यच झाले. बंदीमुळे खेळाडूला काय करता येणार नाही एवढेच ठरते. समोरच्या विद्येशी झुंजायचे कसे, हे ठरत नाही. विरोध खरा व्हायचा तर प्रत्येक विद्येला उतारा हवा, आणि तो उतारा दोन्ही बाजूंना ठाऊक हवा.

याचा उत्तम नमुना आपल्या मराठवाड्यातच आहे. धुंडीसुत मालू यांनी शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली लिहिलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथात वडवळला नागनाथ आणि मच्छिंद्रनाथ यांच्यात झालेल्या लढाईची कथा येते. हे वडवळ लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात आहे. सर्पास्त्राला गरुडाचा उतारा असतो, हे नागनाथ जाणतो. म्हणून तो आधी गरुडालाच बांधून ठेवतो आणि मग सर्प सोडतो. हतबल झालेला मच्छिंद्रनाथ गुरू दत्तात्रेयांचे स्मरण करतो. ते नाव कानी पडताच आपण गुरुबंधूशीच लढत होतो हे नागनाथाला उमगते आणि युद्ध थांबते. खेळ रचणाऱ्यासाठी यात तीन नियम तयार आहेत: उतारा आधीच अडवता यावा, त्यासाठी एक डाव खर्ची पडावा, आणि दोन्ही विद्यांचे मूळ एकच असल्याने ओळख पटवून लढाई मिटवण्याची वाटही खुली राहावी. आग-पाण्याच्या जोडीत ही तिसरी वाट कधीच सापडत नाही.

हा ग्रंथ घरोघरी पारायणाचा आहे, त्याचा खेळ कशाला, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणूनच नाथांना किंवा माहूरच्या दत्तात्रेयांना खेळातली पात्रे करू नयेत; घ्यायची ती फक्त रचना. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे मुलांना मंत्रतंत्राची गोडी लावावी का? पण भोंदूची सत्ता टिकते ती त्याचे नियम कुणाला विचारता येत नाहीत म्हणून. खेळातली जादू मात्र उघड्या नियमांवर चालते: तिची किंमत छापलेली असते आणि तिचा उतारा प्रतिस्पर्ध्यालाही माहीत असतो. प्रत्येक शक्तीची किंमत आणि मर्यादा विचारायची सवय ज्या मुलाला लागली, ते नांदेड-लातूरच्या बाजारात कुणी ‘हमखास’ तोडगा विकू लागला तर तोच प्रश्न त्यालाही विचारील. अशी सवय लावणारा खेळ मराठीत घडायलाच हवा.