मुका नंदी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यास, मुले ओढतात तो लाकडी नंदी म्हणजे खेळणे. त्यात वाद्ये बसविण्याचा खटाटोप कशाला, असे सुशिक्षित मंडळी विचारतात. हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तरी दुसरे काय होता? दांडा फिरविला की वाघ गुरगुरतो, त्याच्या पंजाखालचा गोरा विव्हळतो. कुशीत तर बाजाची पेटीच आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो विलायतेस नेला. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याची वाखाणणी होते. मग झरी जामणीच्या नंदीनेच मुके का राहावे?

येथे कारागिरीची वाण नाही. पोडांवरील कोलामांचे बांबूकाम प्रसिद्धच आहे. त्यांच्याकडून पुरुषभर उंचीचा सांगाडा विणून घ्यावा. सुताराने आसाला खुंट्या ठोकाव्यात. चाक फिरताच त्या काठ्या उचलतील, सोडतील, आणि पोटातील ढोल वाजेल. जत्रेतील मातीच्या डफाची गाडी याच युक्तीने वाजते. गळ्यात घंटा, पायांत घुंगरे बांधावीत.

हे वाद्य बेसूर वाजेल म्हणता? वाजो! भाड्याच्या ध्वनिक्षेपकापुढे मूल केवळ नाचते; ढोल मढविणारे मूल मात्र कातडे सैल पडताच स्वर का उतरतो, हे विचारते. विद्येचा आरंभ या प्रश्नातच आहे. वर्गणीचा पैसा गोंगाटावर उधळावा की गावच्या हातांना द्यावा, याचा निर्णय ग्रामस्थांनी आणि शिक्षकांनीच करावयाचा आहे.