अण्वस्त्रप्रसारबंदीचे शिक्षण : पहारा कोणावर, मालकी कोणाची?

सिहोरा (जि. जबलपूर) : अण्वस्त्रांच्या प्रसाराला आळा घालण्याचे शास्त्र विद्यार्थ्यांना शिकवावे, त्यासाठी देशोदेशींच्या विद्यापीठांनी एकत्र संशोधन करावे, या सूचनेला तत्त्वतः कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो इतकाच की, हे शिक्षण कोणाच्या पैशाने, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या हेतूने दिले जाते. हा प्रश्न विचारताच 'विज्ञानाला राजकारण नसते' असे उत्तर मिळते. ते उत्तर तपासून पाहणे अवश्य आहे.

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. तेथील राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनाने २०११ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील विद्यापीठसमूहाला पाच वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर दिले. २०१४ साली मिशिगन विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या समूहाला तेवढीच रक्कम मिळाली. हेतू सांगितला गेला तो असा : अण्वस्त्रप्रसार ओळखण्याचे तंत्र शिकलेली तरुण पिढी घडवणे. पण हे प्रशासन आहे तरी कोण? अमेरिकेची हजारो अण्वस्त्रे सुस्थितीत ठेवणे आणि त्यांचे आधुनिकीकरण करणे हे ज्याचे प्रमुख काम, तेच हे प्रशासन! एका हाताने बाँब घासूनपुसून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याचा बाँब शोधण्याची शिष्यवृत्ती वाटायची, असा हा कारभार आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याचा यात दोष नाही. परंतु आपल्या दात्याच्या कोठारावर पहारा कोण ठेवणार, हा प्रश्न त्याच्या अभ्यासक्रमात नसतो.

ही विसंगती १९७० साली अमलात आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारातच आहे. पाच राष्ट्रांची अण्वस्त्रे वैध, बाकीच्यांची अवैध, अशी ही वर्णव्यवस्था. कराराच्या सहाव्या कलमाने या पाचांवर निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिक वाटाघाटी करण्याचे बंधन घातले. १९९५ साली कराराची मुदत कायमची वाढवून घेण्यात आली, ते कलम मात्र कागदावरच राहिले. निर्बंधांचा न्यायही तसाच सोयीस्कर. १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने भाभा अणुसंशोधन केंद्राला निर्बंधांच्या यादीत टाकले आणि जानेवारी २०२५ मध्ये यादीतून काढले. मधल्या काळात भारताने आपला बाँब मोडीत काढला नव्हता. बदलला तो वॉशिंग्टनचा हिशेब! भारत-अमेरिका अणुकराराच्या प्रश्नावर डाव्या पक्षांनी जुलै २००८ मध्ये केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला, तो 'सहकार्य' या शब्दाआडचा हाच हिशेब ओळखून.

पण एवढ्यावर थांबलो तर आपलेच राज्यकर्ते सोवळे ठरतील, आणि ते खरे नाही. शांततेच्या हेतूने वापरण्याच्या अटीवर कॅनडाकडून मिळालेल्या 'सायरस' अणुभट्टीतील प्लुटोनियम १९७४ साली पोखरणच्या स्फोटात वापरले गेले. अणुशास्त्रज्ञ घडवणारी तुर्भ्याची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून अणुऊर्जा खात्याच्या कुंपणात चालत आली आहे. सामान्य विद्यापीठ त्या कुंपणाबाहेर. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ चा अणुऊर्जा कायदा मोडीत काढून खाजगी भांडवलाला या क्षेत्राचे दार उघडले. भांडवलदाराला आत घेण्याची ही तत्परता विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र आलेली नाही.

हा प्रश्न दिल्लीचा किंवा व्हिएन्नाचा, सिहोऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. २२ मे १९९७ ची पहाट आठवा. जबलपूर जिल्हा भूकंपाने हादरला, सुमारे चाळीस माणसे मेली, हजारो घरे पडली. पुढच्याच वर्षी ११ मे रोजी पोखरणची जमीन हादरली. हे दोन्ही हादरे एकच यंत्र टिपते. भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात. स्फोटात जमीन सर्व दिशांनी बाहेर ढकलली जाते, म्हणून स्फोटाच्या पृष्ठलहरी तुलनेने दुबळ्या उमटतात. जबलपूरच्या भूकंपाचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. तेवढ्या खोल कोणतेही सरकार बाँब पुरू शकत नाही. अण्वस्त्रचाचणी पकडण्याचे शास्त्र ते हेच, आणि नर्मदेच्या खोऱ्यात सुरक्षित घर बांधण्याला लागणारे शास्त्रही हेच. गौरीबिदनूरचे भूकंपमापन केंद्र १९६५ साली ब्रिटनच्या सहकार्याने उभे राहिले, पण तेही अणुऊर्जा खात्याचेच.

परिणाम काय झाला? पोखरणच्या औष्णिक-अण्वस्त्राची शक्ती ४५ किलोटन असल्याचा सरकारी दावा परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी खोडून काढला, खात्याच्या शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिले, आणि २००९ साली त्या चाचण्यांत सहभागी असलेले के. संथानम यांनीच ती चाचणी अपेक्षेइतकी यशस्वी झाली नसल्याचे जाहीरपणे सांगितले. अकरा वर्षे भारतीय जनतेला आपल्याच सरकारचा दावा तपासण्याचे स्वतंत्र साधन नव्हते. आज बर्गी जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांची योजना आहे. धरणाने एकदा उठवलेल्या आदिवासींना पुन्हा उठवण्याची ही योजना. 'येथील जमीन सुरक्षित आहे' असे खाते सांगते. ते तपासणार कोण? प्रकल्प बांधणाऱ्याने स्वतःलाच दिलेले प्रमाणपत्र जनतेने का मानावे?

येथे आपल्यातील काही मित्रांची एक चूकही दाखवली पाहिजे. सगळेच आंतरराष्ट्रीय सहकार्य साम्राज्यवादी कावा मानून विद्यार्थ्यांनी त्यापासून दूर राहावे, असे ते म्हणतात. या बहिष्काराने साम्राज्यवाद्यांचे काही बिघडत नाही. ज्ञानाची मक्तेदारी मात्र अधिक घट्ट होते. शत्रूचे शस्त्र मोजता न येणारा शांततावादी केवळ सदिच्छा व्यक्त करू शकतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितज्ञ असलेले दामोदर कोसंबी यांनी तो मार्ग धरला नाही. अणुऊर्जेच्या खर्चाचा हिशेब मागत, सौरऊर्जेचा पुरस्कार करीत ते जागतिक शांतता चळवळीत उभे राहिले. १९६२ साली संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही, तरी त्यांनी विज्ञान सोडले नाही आणि शांततेची बाजूही सोडली नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. भूकंपमापनाची व किरणोत्साराची मोजमापे विद्यापीठांना खुली करा. पडताळणीचे शास्त्र जबलपूरसारख्या विद्यापीठांत सार्वजनिक निधीतून शिकवा. परदेशी विद्यापीठांशी होणारा प्रत्येक करार, त्याचा पैसा आणि त्याच्या अटी जाहीर करा. प्रसारबंदीबरोबर अण्वस्त्रनिर्मूलनही शिकवा. २०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघात संमत झालेल्या आणि २०२१ पासून अमलात असलेल्या अण्वस्त्रबंदी करारापासून भारत आणि सर्व अण्वस्त्रधारी राष्ट्रे अलिप्त राहिली आहेत. ती का, हे विद्यार्थ्याने विचारले पाहिजे.

दुसऱ्याच्या बाँबवर पहारा ठेवणारे पहारेकरी पुष्कळ तयार होत आहेत. सर्वांच्या बाँबचा हिशेब मागणारे शास्त्रज्ञ घडवणे, हे लोकशाही शिक्षणचळवळीचे काम आहे. ते आपण अंगावर घेतले नाही, तर दुसरे कोणीही घेणार नाही.